चोपत्याला दोनदा जाऊनही स्पेक्टॅकल्ड फिंच का दिसला नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "उत्तराखंडात चोपत्याला दोन वेळा जाऊन आलो, दोन्ही वेळा मे महिन्यात. मोनाल दिसला, कोकलास ऐकला, रोझफिंच भरपूर मिळाले. ज्याच्यासाठी गेलो तो स्पेक्टॅकल्ड फिंच, डोळ्याभोवती रंगीत चष्मा असलेला बी खाणारा पक्षी, मात्र नाही. गाइड दर वेळी म्हणतो, 'यहीं मिलता है'. आता पुन्हा रजा मिळते आहे, मेमध्ये किंवा जानेवारीअखेर. हमखास जागा कुठली? मोबाइलवर आवाज वाजवला तर येईल का? ४०० मिलिमीटरची लेन्स पुरेल का?"

आधी सरळ उत्तर देतो. जानेवारीअखेर जा. चोपता सोडा आणि नैनितालच्या वरचा पंगोट–किलबरी–विनायक हा पट्टा धरा. लेन्स पुरते. आवाज वाजवू नका. एवढ्यावर भागत असेल तर पुढचं नाही वाचलं तरी चालेल.

पण मी बरीच वर्षं पुण्याहून लहान गट घेऊन कुमाऊँ-गढवालला जातो आहे, आणि नेमकी हीच सूचना पाळून हात हलवत परत आलेली माणसं मला ठाऊक आहेत. म्हणून थोडं सविस्तर लिहितो. तुमची खरी अडचण जागेची नाहीच. तुम्ही 'जागा कुठली' असं विचारताय, आणि हा पक्षी जागेला बांधलेला नाही. फोर्कटेल बघायचा असेल तर मी तुम्हाला ओढा सांगू शकतो. तो पक्षी त्या ओढ्याच्या त्याच पन्नास-शंभर मीटरमध्ये उद्याही असेल आणि पुढच्या वर्षीही. फिंचचं तसं नाही. तो बियांवर जगतो, आणि बी दर वर्षी एकाच झाडाखाली, एकाच उंचीवर, सारख्याच प्रमाणात नसतं. पक्ष्याच्या मागे लागण्याऐवजी यंदा बी कुठे पडलंय हे शोधलं की अर्धं काम होतं. बाकीच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरंही, आवाज वाजवण्याच्या प्रश्नासकट, त्यातूनच निघतात.

पक्ष्याची ओळख दोन वाक्यांत उरकतो, कारण ती तुम्हाला आहेच. जॉन गूल्ड यांनी १८३८ मध्ये याचं वर्णन केलं. आकार सतरा-अठरा सेंटिमीटर, म्हणजे आपल्या चिमणीपेक्षा जरा मोठा. आणि पाकिस्तान-अफगाणिस्तान सीमेवरच्या डोंगरांपासून काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडातून नेपाळपर्यंतच्या उंच जंगलांत त्याचा वावर. त्याच्या प्रजातीगटात, म्हणजे कॅलाकॅन्थिसमध्ये, तो एकटाच आहे, त्यामुळे नीट दिसला तर दुसऱ्या कुणाशी गल्लत होत नाही. अडचण 'नीट दिसला तर' यातच आहे. तिकडे नंतर येतो.

आता बियांचं. पश्चिम हिमालयात या पक्ष्याचं नाव ज्या झाडाशी सगळ्यात जास्त जोडलं जातं ते देवदार. देवदाराचं गणित समजून घ्या, कारण ते फार थोडे पर्यटक समजून घेतात. याच्या शंकूंना पक्व व्हायला वर्षभराहून थोडा जास्त काळ लागतो. परागकण उडतात सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास, आणि त्यातून धरलेला शंकू पिकतो पुढच्या वर्षीच्या शरदात. पिकलेला शंकू चिडाच्या, म्हणजे चीर पाइनच्या, शंकूसारखा अख्खा खाली पडत नाही. तो फांदीवर उभा असतानाच सुटा होतो, खवला खवला गळतो आणि मधली काडी तेवढी फांदीवर उभी राहते. शेंडा बऱ्याचदा अखंड पडतो. पर्यटक 'लाकडी गुलाब' म्हणून पिशवीत घालतात तो हाच. खवल्यांबरोबर बियाही झरतात, प्रत्येकीला पातळ, तपकिरी, त्रिकोणी पंख. वारा असला तर त्या भिरभिरत लांब जातात, नसला तर झाडाच्या बुंध्याभोवतीच सडा पडतो. साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर हा प्रकार चालतो. म्हणजे जानेवारीत जमिनीवर बी असतं, वर बर्फ असला तर त्याखाली असतं, आणि बर्फ जिथे आधी वितळतो तिथे ते उघडं पडतं.

यात एक मेख आहे. देवदार दर वर्षी सारखं बी देत नाही. आपल्याकडे आंब्याला एक वर्ष बहर आणि पुढचं वर्ष सुनं, हे आपण बघतो. देवदार, रागा (गढवालमध्ये पश्चिम हिमालयी फरला म्हणतात) या झाडांचं त्याहून टोकाचं असतं. काही वर्षांनी एकदा डोंगरच्या डोंगर शंकूंनी लगडतो, मधली वर्षं जेमतेम. ज्या वर्षी एखाद्या खोऱ्यात भरपूर बी असतं त्या वर्षी फिंच तिथे रमतात, बर्फ फारसा नसला तर खालीही येत नाहीत. ज्या वर्षी नसतं त्या वर्षी तेच पक्षी दुसऱ्या खोऱ्यात, दुसऱ्या उंचीवर, गवताच्या आणि झुडपांच्या बियांवर वेळ काढताना सापडतात. गाइडचं 'यहीं मिलता है' खोटं नसतं. त्याला तिथे मिळालेला असतो, पण कुठल्या वर्षी, कुठल्या महिन्यात, काय खाताना, हे त्या वाक्यात नसतं.

यातून एक कामाची गोष्ट निघते, आणि मी ती दर मोसमात करतो. देवदाराचा शंकू वर्षभर झाडावर दिसत असतो, तो काही लपलेला नाही. निळसर-हिरवे, अंड्याच्या आकाराचे, फांदीवर उभे असे शंकू ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये लांबूनही ओळखू येतात. मग होमस्टेवाल्याला फोन करून 'स्पेक्टॅकल्ड फिंच दिसतोय का' असं विचारत बसण्यापेक्षा सप्टेंबरातच त्याला म्हणायचं, "भाईसाहब, आपके ऊपर वाले देवदार की एक फोटो भेज दीजिए." फोटोत शंकू भरलेले दिसले तर हिवाळ्यात तिथे बी असणार, हे चार महिने आधी कळतं. पक्षी येईलच असं त्यावरून म्हणता येत नाही. पण जेवण मांडलेलं आहे का, हे कळतं. आणि हा प्रश्न डोंगरातल्या माणसाला आवडतो. पक्ष्यांची इंग्रजी नावं त्याला पाठ नसतील, झाडाचं वर्ष कसं आहे हे तो झोपेतही सांगेल.

उंचीचं आता. उन्हाळ्यात हा पक्षी साधारण २३०० ते ३३०० मीटरच्या पट्ट्यात, देवदार, रागा, कैल (निळा पाइन) आणि बुरांशच्या (ऱ्होडोडेंड्रॉन) विरळ, मोकळ्या जंगलात असतो. हिवाळ्यात १८०० मीटरच्या आसपास, क्वचित त्याहूनही खाली उतरतो. चोपता २६०० मीटरच्या थोडं वर आहे, तुंगनाथचं देऊळ ३६८० मीटरवर. म्हणजे मे महिन्यात उंचीच्या हिशेबाने तुम्ही चुकीच्या जागी नव्हता. चुकत होती वेळ. हिवाळ्यात हे पक्षी लहान थव्यांत असतात. मेपर्यंत थवे फुटतात, जोड्या पडतात आणि एकेक जोडी मोठ्या उताराच्या जंगलात विरून जाते. घरटं उंच झाडावर. एका सकाळी दहा पक्ष्यांचा थवा वाटेत आडवा येण्याची शक्यता आणि एकटी जोडी गाठण्याची शक्यता, यात फार मोठा फरक आहे. शिवाय चोपत्याच्या आसपास देवदार जवळजवळ नाहीच. तिथलं जंगल रागा, खर्सू (उंचावरचा ओक), थुनेर (यू) आणि बुरांशचं. तिथे मेमध्ये जमिनीवर उरतं ते गेल्या शरदातलं रागाचं शिळं बी.

पंगोट-विनायक दोन हजार मीटरच्या अवतीभवती आहे, म्हणजे हिवाळी पट्ट्यात बरोबर बसतं. बांज-ओकचं जंगल, मध्ये देवदार आणि सुरईचे (हिमालयी सायप्रस) पट्टे, आणि त्यातून जाणारा एक रस्ता. हा रस्ताच सगळ्यात महत्त्वाचा. लोकांना वाटतं दुर्मीळ पक्षी दाट जंगलात शिरल्यावर मिळणार. हिवाळ्यात फिंच बघायचे तर मी जंगलात शिरतच नाही, रस्त्याच्या कडेने चालतो. त्यामागे कारण आहे. बी खाणाऱ्या पक्ष्याला दात नाहीत, त्याच्या पोटातल्या पेषणीला बी दळायला बारीक खडे लागतात, आणि रस्त्याच्या कडेला वाळू-खडी असते. बर्फ पडल्यावर डांबर आणि दक्षिणेकडे तोंड असलेला उतार आधी उघडा पडतो, म्हणजे आधी तिथे बी हाताला लागतं. तिसरं, बी हे कोरडं अन्न. किडे किंवा फळं खाणाऱ्या पक्ष्याला पाणी अन्नातूनच बरंच मिळतं. बी खाणाऱ्याला रोज प्यावं लागतं, थंडीतही. ओढे गोठलेले असताना रस्त्याच्या वरच्या कातळातून जिथे पाणी झिरपतं आणि ऊन लागून ते वाहतं राहतं, अशी जागा सापडली की मी तिथे नाश्त्याचा डबा उघडतो. साधारण साडेनऊ ते अकराच्या दरम्यान. त्याआधी तिथे काहीच हलत नाही, फुकट कुडकुडावं लागतं.

बघायचं कसं, हे सांगायला सगळ्यात जास्त वेळ लागतो आणि शिकवायलाही. हा पक्षी जमिनीवर खातो, झाडाखाली, सावलीत, पाचोळ्यात. थवा असला तरी गोंगाट नाही. थ्रश पाचोळा उडवतो, लाफिंगथ्रश आरडाओरडा करतात, हे काहीही हा करत नाही. टुणटुण उड्या मारत पुढे सरकतो, थांबतो, चोच हलवतो, पुन्हा सरकतो. नवखा माणूस मान वर करून फांद्या बघत चालतो आणि पक्षी त्याच्यापासून पंधरा मीटरवर पायाच्या पातळीत असतो. चाहूल लागली तर थवा उठून जवळच्या फांदीवर बसतो आणि तिथेही गप्प बसून राहतो. पण तसा तो बुजरा नाही. तुम्ही जागच्या जागी थांबलात तर दहा मिनिटांत पुन्हा खाली उतरतो. म्हणून माझा गटाला एकच आग्रह असतो: काही उडालं की पुढे धावायचं नाही, खाली बसायचं. सगळ्यात जास्त पक्षी हे पुढे धावणारे लोक घालवतात, आणि बहुतेकदा धावणाऱ्याच्या हातात सगळ्यात मोठी लेन्स असते.

एकदा सापडला की चोचीकडे बघा. चष्मा, म्हणजे डोळ्याभोवतीचा तो रंगीत भाग, फोटोत येतोच. चोचीचं काम मात्र दुर्बिणीतूनच कळतं. फिंचच्या वरच्या चोचीत आतून खाचा असतात. बी जिभेने सरकवून बाजूच्या खाचेत अडकवलं जातं, खालची चोच तिच्यावर दाबत पुढेमागे फिरते, सालीला चीर पडते, जीभ बी फिरवते आणि सालीचे दोन तुकडे चोचीच्या कडेने बाहेर गळतात. देवदाराच्या बीचा पंख त्याच्या चोचीच्या एका बाजूने क्षणभर बाहेर डोकावतो आणि खाली पडतो. पक्षी गेल्यावर त्या जागी जाऊन बघितलं तर असे सुटे पंख आणि उकललेल्या साली एका हातभर जागेत पडलेल्या असतात. उंदीर-खारींनी खाल्लेल्या बियांवर कुरतडल्याच्या खुणा असतात, खवले चावलेले असतात. इथे साल स्वच्छ उकललेली दिसते. पक्षी दिसला नाही आणि अशा ताज्या साली मिळाल्या, तर ती जागा सोडू नका. कुठला तरी फिंच तिथे जेवून गेला आहे, आणि बी संपेपर्यंत तो पुन्हा येणार.

गल्लत कुणाशी होते? तुम्ही लिहिलंय की रोझफिंच भरपूर मिळाले. माझा अंदाज, त्यातला एखादा 'रोझफिंच' पाठमोरा, सावलीत, घाईत बघितलेला असेल तर तो पुन्हा तपासण्यासारखा आहे. पिंक-ब्राउड रोझफिंचच्या नराला गुलाबी भुवई असते, पट्टा डोळ्याच्या वरून मागे जातो. स्पेक्टॅकल्ड फिंचचा रंग डोळ्याला वेढा घालतो. नराचा लाल, मादीचा पिवळा-नारिंगी. पण सावलीत रंग विसरा, पंख बघा. काळ्या पंखांवर ठळक पांढरे ठिपके, ही खूण पाठमोऱ्या पक्ष्यातही दिसते आणि तिथल्या कुठल्याही रोझफिंचमध्ये अशी नाही. डोकंही गडद, जवळजवळ काळं. मादी रोझफिंच अंगभर रेघारेघांच्या असतात. या मादीच्या छातीवर तशा रेघा नाहीत. रेड-हेडेड बुलफिंचही असाच गुपचूप खातो आणि त्याच जंगलात असतो, पण तो उडाला की पाठीमागचा पांढरा भाग चमकतो आणि प्रश्न मिटतो.

आवाज वाजवण्याबद्दल. तुम्ही प्रामाणिकपणे विचारलंत हे बरं केलंत, बरेच जण न विचारता वाजवतात. नैतिक बाजू आहेच: चोपता-तुंगनाथचा बराच भाग केदारनाथ अभयारण्यात येतो, मे हा विणीचा काळ, तिथे स्पीकर लावणं गैर आहे. पण ती बाजू घटकाभर ठेवली तरी या पक्ष्यावर ते चालत नाही, आणि का चालत नाही ते समजून घेण्यासारखं आहे. वार्बलर किंवा नवरंग आवाजाला धावून येतो कारण तो आपल्या हद्दीचं रक्षण करतो. त्याचं अन्न हद्दीभर पसरलेलं असतं, त्यामुळे हद्द राखण्यात फायदा असतो. बी एका जागी ढीगभर आणि बाकी डोंगरावर काहीच नाही, अशी स्थिती असेल तर हद्द राखून मिळणार काय? या कुळातले पक्षी सहसा खाण्याची हद्द राखत नाहीत, थव्याने हिंडतात आणि जिथे बी तिथे मुक्काम करतात. हिवाळ्यात तर प्रतिस्पर्ध्याचा आवाज त्यांच्या लेखी निरर्थक. या कुळातल्या बऱ्याच पक्ष्यांची पिल्लंही किड्यांवर नाही, तर आईबापांनी पोटातून आणलेल्या बियांच्या लगद्यावर वाढतात. सगळा संसारच बियांवर उभा. तेव्हा आवाज वाजवून तुम्ही फक्त आसपासचे बाकीचे पक्षी गप्प कराल. त्याचा स्वतःचा आवाज मात्र शिकून जा. एकेका सुराची स्वच्छ शीळ असते, आणि थवा झाडावर चढून बसला की कधीकधी तीच एवढी खूण मिळते.

दाणे टाकलेल्या हाइडबद्दल, म्हणजे लपून पक्षी बघायच्या आडोशाबद्दल, तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढचा प्रश्न तोच येणार म्हणून. सातताल आणि पंगोटच्या बाजूला हाइड पुष्कळ झाले आहेत. तिथे सरसकट जाऊ नका असं मी म्हणणार नाही. गावातल्या माणसाचं पोट त्यावर चालतं, आणि वयस्कर किंवा गुडघ्यांनी अडलेल्या पक्षीप्रेमींना तेवढाच आधार. पाण्याचे हाइड मला बरे वाटतात. दाण्यांच्या हाइडबाबत मात्र स्वच्छता विचारून घ्या. ब्रिटनमध्ये २००५ पासून ग्रीनफिंच पक्ष्यांत ट्रायकोमोनोसिसची साथ पसरली आणि त्यांची संख्या भयंकर घसरली; एकाच जागी गर्दीने खाणं-पिणं हे त्या रोगाच्या फैलावाचं मोठं कारण मानलं जातं. फिंच हे थव्याने खाणारे पक्षी, त्यांना एका ताटात जेवायला बसवलं की ताट धुवायची जबाबदारी आपली. जिथे दाण्यांवर बुरशी आणि खाली विष्ठेचा थर दिसेल तिथे मी पैसे देऊन उठून आलो आहे, आणि कारण मालकाला सांगूनच. रस्त्यावर बिस्किटं चुरून टाकणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: सप्टेंबरात झाडांवर शंकू आहेत का विचारा; हिवाळ्यात जा; बर्फ पडून दोन-तीन दिवस ऊन पडलं असेल तर उत्तम; रस्त्याची उन्हाची कड आणि झिरपतं पाणी धरा; नजर खाली ठेवा; काही उडालं की बसा.

ई-बर्डवर, म्हणजे पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींच्या संकेतस्थळावर, तुम्ही नोंदी बघितल्या असणारच. तिथेही लोक नकाशावरचे ठिपके बघतात. ठिपक्यांऐवजी प्रत्येक नोंदीतला महिना आणि संख्या बघा. मे-जूनच्या नोंदीत बहुधा एक-दोन पक्षी, हिवाळी नोंदीत पाच-दहा. एखाद्या हिवाळ्यात एकाच रस्त्यावर आठवडाभर ओळीने नोंदी आणि त्याच्या पुढच्या हिवाळ्यात शुकशुकाट, असंही दिसेल. तो शुकशुकाट म्हणजे पक्षी संपले असं नाही; तो बियांचा आलेख आहे असं समजून वाचा. आणि कृपा करून तुमची नोंद टाकताना शेऱ्यात एवढं तरी लिहा की पक्षी कुठल्या झाडाखाली काय खात होता. 'फीडिंग ऑन ग्राउंड' एवढ्यावर सगळे थांबतात, आणि त्यानंतर येणाऱ्याला त्याचा काडीचा उपयोग होत नाही.

लेन्सचं एका ओळीत: ४०० पुरते, पण सावलीत पक्षी आणि मागे चकाकणारा बर्फ अशी स्थिती असते, त्यामुळे एक्स्पोजर आधीच तपासून ठेवा, आणि ८×४२ दुर्बीण नसेल तर लेन्सच्या आधी ती घ्या.

जायच्या आधी सराव हवा असेल तर तो घरबसल्या होतो. कॉमन रोझफिंच हिवाळ्यात महाराष्ट्रात येतो. या कुळातला आपल्याकडे नेमाने येणारा हा एकच म्हणायला हरकत नाही. ज्वारीचं रान, बांधावरचं वाळलेलं गवत, घाटमाथ्यावर बी धरलेला बांबू, अशा जागी तो सापडतो. नुसता टिक मारून पुढे जाऊ नका. अर्धा तास एकाच थव्यापाशी बसा, ते काय खातात, साल कुठे पडते, पाण्यावर किती वेळाने जातात, उडाले की कुठे बसतात, हे बघा. मनोल्यांच्या थव्यावरही हा सराव होतो. त्या वेगळ्या कुळातल्या, पण बियांवर जगणाऱ्या पक्ष्याची दिनचर्या कशी असते ते कळतं. माझ्या गटात ज्यांनी हे केलेलं असतं त्यांना हिमालयात पक्षी लवकर दिसतात, महागड्या कॅमेऱ्यावाल्यांच्या आधी.

तुमची मेची रजा बदलणार नसेलच, तर चोपत्याला तिसऱ्यांदा जातानाही हातातलं सगळं गेलं असं समजू नका. मग तुंगनाथच्या फरसबंदी वाटेवर वेळ घालवू नका. देवळाचे दरवाजे उघडल्यावर तिथे पहाटेपासून यात्रेकरू, खेचरं आणि रील काढणाऱ्यांची रांग लागते. बर्फ कुठवर मागे सरकलाय ते बघा आणि वितळत्या बर्फाच्या कडेने चाला. बर्फ मागे हटताना गेल्या शरदातलं बी नव्याने उघडं पडतं, फिंच त्या कडेबरोबर वर चढत जातात. दुगलबिट्टा ते चोपता आणि खाली कांचुलाखर्कच्या बाजूचे रागाचे मोकळे पट्टे सकाळी साडेपाच ते आठ एवढ्या वेळात बघा. मात्र हिवाळ्याच्या मानाने शक्यता कमी, हे मनाशी धरूनच.

जानेवारी ठरली तर काठगोदामपर्यंत रेल्वे, तिथून नैनिताल सुमारे ३५ किलोमीटर, आणि पुढे पंगोट तासाभराच्या आत. किमान चार सकाळी हातात ठेवा, कारण बर्फ पडला तर एक-दोन दिवस रस्ता बंद राहतो आणि त्याच्या नंतरचे दिवसच सगळ्यात चांगले असतात. नेमके त्याच दिवशी परतीचं तिकीट असलेले लोक मी दर वर्षी बघतो. पहाटे सावलीतल्या वळणांवर दंव गोठलेलं असतं, गाडी घसरते, तेव्हा स्थानिक ड्रायव्हरच घ्या. विनायकला बहुतेक गाड्या चीर फेझंटसाठी उजाडताच धावतात आणि नऊला नाश्त्याला परततात. तुम्ही उलट करा, नऊला निघा. आणि सप्टेंबरच्या फोटोत देवदार रिकामे दिसले तर तिकीट काढण्याआधी हिमाचलात नारकंड्याला हाच फोन करून बघा. तिथल्या हट्टू शिखराच्या उताराखालच्या जंगलातही हा पक्षी मिळतो, आणि दोन्हीकडची झाडं एकाच वर्षी रिकामी असतील असं नाही.